बांधून मिळणार नाही

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. ज्याचा माल खाण्यासाठी माणसे भल्या सकाळी येऊन उभी राहतात, असा दुकानदार तो माल कोणालाही बांधून का देत नसेल? बांधून देत नसे, एवढेच नव्हे. कोणी चोरून नेऊ लागला, तर हातात उलथने घेऊन तो रस्त्याच्या वळणापर्यंत त्याच्या मागे धावत असे. गाठल्यावर माल परत मागत नसे. त्या माणसाला तिथेच, भर रस्त्यात, उभ्या उभ्या खायला लावत असे.

या दुकानदाराचे नाव राचप्पा. सत्तरच्या दशकात सोलापुरात, गिरणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या पेठेच्या तोंडाशी त्याची एक खोली होती. खोलीच्या दारात कमरेइतक्या उंचीवर एक आडवी फळी बसवलेली होती. फळीच्या आत राचप्पा आणि शेगडी, बाहेर गिऱ्हाईक. बाक नाही, खुर्ची नाही, पाटी तर नाहीच. मी तेव्हा जवळच्या शाळेत भूमिती शिकवत असे आणि सकाळच्या शाळेला जाताना तिथे थांबत असे.

विकायचा पदार्थ एकच. त्याला तो ‘घडी’ म्हणे. परगावच्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ज्वारीचे पीठ उकळत्या पाण्यात मळायचे, भाकरी शक्य तितकी पातळ थापायची, आणि ती तव्यावरून उतरताच तिच्यात कोरडा झुणका, शेंगा चटणी, तेलाची धार व कांदा घालून ती मधोमध दुमडायची. सोमवारी कांदा बंद. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, त्यामुळे भाकरी गरम असते तोवरच दुमडते. निवली की दुमडीवर तडकते आणि आतला झुणका सदऱ्यावर पडतो. म्हणून घडी दोन्ही हातांनी धरायची आणि वाफ आहे तोवर संपवायची.

संपेपर्यंत राचप्पा बोलू देत नसे. कपाळाला विभूती, खांद्यावर पंचा, आणि नजर सरळ खाणाऱ्याच्या तोंडावर. मी एकदा पहिला घास तोंडात असतानाच पावसाविषयी काही म्हणालो.

“मास्तर, पाऊस पडंल न्हाय तर ऱ्हाईल,” तो म्हणाला. “तुमी आधी चावा की.”

पहिला घास गिळला जाईपर्यंत तो पुढची भाकरी थापायला घेत नसे. नवख्या माणसाला ही नजर फार अवघड जाई. महानगरपालिकेतल्या एका कारकुनाने तर पाठ फिरवून खाण्याचा प्रयत्न केला. राचप्पा फळीखालून वाकून बाहेर आला आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

हाच कारकून पुढे कोटाच्या आत घडी लपवून कचेरीत नेताना पकडला गेला. वळणावरून राचप्पाचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. “काडा भाईर! खावा! हितंच खावा! दाराभाईर गेली की चिपाड हुतंय तिचं!” कारकुनाने पाणपोईला टेकून ती निमूटपणे खाल्ली. कोटाच्या अस्तराला शेवटपर्यंत चटणीचा वास येत होता, असे तो स्वतःच सांगत असे.

या हट्टाची कारणे पेठेत निरनिराळी सांगितली जात. कोणी म्हणे, कागद वाचवतो. मी हे तपासून पाहिले. स्वतःचे फडके घेऊन गेलो, तरी नकारच मिळाला. कोणी म्हणे, स्वामींपुढे नवस बोललाय. त्याला सरळ विचारले, तर तो हसून म्हणाला, “सामींना भाकरीचं काय पडलंय, मास्तर?” मालाच्या नावाची काळजी, हे तिसरे कारण मला पटण्यासारखे वाटे. दुष्काळाच्या वर्षी रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळू लागली, तेव्हा तिची घडी पडत नाही म्हणून त्याने दुकानच बंद ठेवले होते. मंगळवेढ्याकडची ज्वारी बाजारात आली तेव्हाच फळी पुन्हा लागली.

परंतु एक गोष्ट या कारणात बसत नव्हती. आमच्याकडे प्रवासाला कडक भाकरी नेतात. पापडासारखी वाळवलेली ही भाकरी दिवसच्या दिवस टिकते. इमामचाचा टांगेवाल्याने एकदा सुचवले, “अण्णा, कडक भाकरी रखो ना. बांधके ले जाते लोगां.” एरवी प्रत्येक बोलण्याला उत्तर देणारा राचप्पा तेव्हा शेगडीत उगाच फुंकर घालत राहिला.

राचप्पाला तोंडावर बोलणारा माणूस एकच, नरसय्या. हा विणकर होता, तेलुगू घरातला. मागच्या गल्लीत त्याचा हातमाग होता. रोज मागावर बसण्यापूर्वी तो फळीपाशी येई, घडी खाई आणि न चुकता म्हणे, “राचप्पा, आज मीठ कमी आहे.”

“तुज्या जिभंला सुताची खळ लागलीया. ऊट, निघ.”

“बसलोय कुठं मी? तुझ्याकडं बसायला आहे काय?”

नवीन गिऱ्हाइकाला वाटे, आता मारामारी होणार. आम्ही जुने लोक यावर घड्याळ लावत असू.

एका उन्हाळ्यात नरसय्याला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण माणूस अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडला तो उठेना. पेज नको, भात नको. डॉक्टरांनी सांगितले, “माझे काम झाले. आता पोटात अन्न गेले तरच हे उठतील.” हे मला ठाऊक होते, कारण नरसय्याचा नातू माझ्या वर्गात होता.

आणि मग एका सकाळी, गिरणीची पाळी सुटून फळीपुढे गर्दी झालेली असताना, नरसय्याची सून लक्ष्मी पितळी डबा घेऊन आली.

“अण्णा, एक घडी द्या. मामांनी आज पहिल्यांदा काहीतरी मागितले. राचप्पाची घडी म्हणाले.”

राचप्पाचा हात थांबला. तो डब्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “बांधून मिळनार न्हाय.”

लक्ष्मीला वाटले, त्याला नीट कळले नसावे. “अण्णा, ते उठू शकत नाहीत.”

“कळलं की.”

“दिल है के पत्थर, अण्णा?” इमामचाचा टांग्यावरून ओरडला. कारकूनही पुढे झाला. “अहो, तो माणूस जाईल, आणि तुम्ही नियम सांगताय?” मीही बोललो. डबा कापडात गुंडाळू, धावत जाऊ, दोन गल्ल्यांचे तर अंतर आहे, असे मी त्याला क्रमाने समजावून सांगितले.

“मास्तर,” तो म्हणाला, “तितं जाईस्तवर ती निवनार. त्यो थंड खाईल, आन् चांगली हाय म्हनंल. मला ते चालनार न्हाय.”

एवढे बोलून त्याने तवा उतरवला. लक्ष्मीच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती वळली.

“थांब की बाई,” राचप्पा म्हणाला. “चाचा, टांगा हिकडं घे. शेगडी धरा कुनीतरी. हळू, निखारे हायती!”

पुढचा प्रसंग ज्यांनी पाहिला ते अजूनही सांगतात. टांग्यात पुढे पेटती शेगडी मांडीपाशी धरून राचप्पा, मागे पिठाची परात घेऊन लक्ष्मी, आणि घोडा धुराने शिंकतोय. फळी बिजागरीतून काढून चार गिरणी कामगारांनी खांद्यावर घेतली. रात्रपाळी करून उपाशी पोटी निघालेली ही माणसे होती. पण एकही घरी गेला नाही. हातात झुणक्याचे पातेले घेऊन मी मागून चाललो होतो. वाटेत शाळेचे मुख्याध्यापक भेटले. मी नमस्कार करू शकलो नाही.

नरसय्याच्या दारात सुताच्या दोन पेट्या उभ्या करून त्यांवर फळी टाकली. दारातून आत खाट दिसत होती. राचप्पाने आधण ठेवले, पीठ मळले, भाकरी थापली आणि तव्यावर टाकली. ती चिरली. त्याची भाकरी चिरलेली आम्ही कोणी पाहिली नव्हती. त्याने ती गल्लीतल्या शेळीपुढे टाकली, हात पंच्याला पुसले आणि दुसरी थापायला घेतली. आता गल्लीत फक्त थापण्याचा आवाज होता.

दुसरी नीट उतरली. घडी घालून राचप्पा दारातून आत गेला आणि खाटेपाशी वाकला. “घे. तोंड उघड.”

नरसय्याने मान वळवली. आवाज अगदी बारीक झाला होता. “उभं राहून खायचा नियम आहे ना तुझा?”

“नियम गेला खड्ड्यात. आडवा ऱ्हाऊन खा.”

“नाही खाणार. आजारी म्हणून भरवतोस काय मला? गिऱ्हाईक म्हणून खाईन.”

“मूर्खा, वाफ जातीया!”

“मग उठव मला.”

नरसय्याचा मुलगा आणि इमामचाचा यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभे केले आणि फळीशी आणले. त्याने दोन्ही हातांनी घडी धरली. राचप्पा फळीच्या पलीकडे, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला आणि त्याच्या तोंडाकडे पाहू लागला. आम्ही सगळेच पाहत होतो. नरसय्याने घास घेतला. बराच वेळ चावला. गिळला.

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला.

“जीभ मेलीया तुजी!”

“मेली असती तर मीठ कळलं असतं काय?”

राचप्पाने पंचा तोंडावर घेतला. शेगडीचा धूर फार झाला, असे काहीतरी तो पुटपुटला. धूर तेव्हा दुसरीकडे जात होता. नरसय्याने अर्धी घडी संपवली आणि उरलेली तिथेच उभ्या राहिलेल्या नातवाला दिली.

परतताना टांग्यात मी राचप्पाशेजारी बसलो होतो. मी काहीही विचारले नव्हते. घोड्याच्या पाठीकडे पाहत तो आपणहून बोलू लागला.

काही वर्षांपूर्वी त्याची बायको नीलव्वा मिरजेला दवाखान्यात होती. तिने निरोप धाडला होता, घडी खावीशी वाटते. “समद्यांनी सांगितलं, कडक भाकरी घिऊन जा. मी म्हनलं, तिनं घडी मागितलीया. फडक्यात बांदली, छातीशी धरली. कुर्डुवाडीला गाडी बदलली, मग ती ल्हान गाडी. लई हळू जाती ती, मास्तर. पोचलो तर भाकरीचं पार चिपाड झाल्यालं.”

“मग?”

“खाल्ली तिनं. समदी. पान्यात बुडवून बुडवून. माज्याकडं बघून म्हनली, ‘छलो आगेद.’ चांगली झालीया, म्हनं.” त्याने पंचा खांद्यावर नीट केला. “आख्खा जलम माज्या सैपाकाला नावं ठिवली बाईनं. मीठ कमी, तिखट जास्त. त्या दिशी तेवडं म्हनली, चांगली हाय. तवाच मला कळलं, ही आता घरला येनार न्हाय.”

इमामचाचाने चाबूक उचलला नाही. घोडा आपल्या मनाने चालत होता.

दुसऱ्या दिवसापासून राचप्पा सकाळी आधी नरसय्याच्या दारात शेगडी पेटवू लागला आणि तिथले आटोपल्यावर फळीवर येऊ लागला. गिरणीचे लोक वळसा घालून गल्लीतच जमू लागले. काही आठवड्यांनी नरसय्या चालता झाला, मागावर बसला, आणि दुकान मूळ जागी परतले.

वाचक म्हणतील, प्रश्न सुटला. मलाही तसेच वाटले होते. म्हणून मी एकदा नरसय्याला विचारले, “तुम्हाला मिरजेची हकिगत माहीत आहे का?”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “खरीच आहे. पण मास्तर, तेवढीच नाही. घडी बांधून दिली तर लोक घेऊन जातील. मग त्या खोलीत दिवसभर त्याच्याबरोबर कोण? इथं निदान एक घडी संपेपर्यंत माणूस समोर उभा राहतो. मी तर हळूहळू चावतो.”

दोन्हींपैकी कोणते कारण खरे, की दोन्ही, हे मला सिद्ध करून दाखवता येत नाही. भाकरीपुरता भाग मात्र प्रत्येकाला आपल्या घरी पडताळता येईल. ज्वारीच्या दोन भाकऱ्या कराव्यात. एक तव्यावरून उतरताच दुमडून, करणाऱ्याच्या समोर उभे राहून खावी. दुसरी फडक्यात बांधून ठेवावी आणि संध्याकाळी एकट्याने खावी. माझ्या सांगण्यावर विसंबू नये. कृपया स्वतः करून पाहावे.