टेकडीसाठी लेन्स

लेन्सच्या आत, कडेपासून जरा सरकून, मोहरीहून लहान असा एक पांढरट ठिपका होता. उजेडाकडे धरलं की तो दिसे, तिरपं धरलं की नाहीसा होई. अनेकांत मगदूमने भिंग लावून तो बराच वेळ पाहिला. कोल्हापुरात त्याचा लेथचा कारखाना होता. केसाएवढा फरकही त्याला झोपू देत नसे. ठिपका धुळीचा असेल तर ही जुनी लेन्स विकत घ्यावी आणि बुरशीचा असेल तर घेऊ नये, हे उघड होतं. तो कशाचा आहे हे ठरवायला पंचगंगा फिल्म-छायाचित्रण मंडळाने उपसमिती नेमली. उपसमितीचा अहवाल आला: ठिपका आहे.

हे सगळं आक्कासाठी चाललं होतं. आक्का त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. मुरगूडजवळच्या तिच्या मळ्यासमोर एक टेकडी होती आणि टेकडीपलीकडं माहेर. लग्न होऊन आल्यापासून आक्का दिवेलागणीला तिकडं तोंड करून घटकाभर बसायची. आता रस्ता रुंद होणार होता आणि मुरमासाठी टेकडीचा ठेका गेला होता. "हाय तोवर एक चांगला फोटू काढून दे बाबा," एवढंच तिनं भावाकडं मागितलं होतं.

चांगला फोटो म्हटल्यावर अनेकांतने विषय मंडळापुढे ठेवला. मंडळाची घटना त्यानेच लिहिली होती. फोटो फिल्मवर, कॅमेरा एसएलआर, लेन्स प्राइम, म्हणजे झूम नसलेली. मोबाइलवर टिपलेले दृश्य हे दृश्य मानले जाणार नाही. आणि खरेदी एकमतानेच.

कॅमेरा त्या मानाने लवकर ठरला, दिवाळीच्या आत. पूर्ण यांत्रिक, बॅटरीवाचून चालणारा. त्यातल्या प्रकाशमापकाला तेवढी बॅटरी लागत होती, आणि ती बॅटरी आता कुठंच तयार होत नव्हती. मंडळाने याची खेदपूर्वक नोंद घेतली.

मग लेन्सचा प्रश्न आला. लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद. अध्यक्ष उदयसिंह, निवृत्त अधिकारी, चोवीस मिलिमीटरच्या बाजूचे. पस्तीसवाले म्हणत, चोवीसमध्ये टेकडी पालथ्या वाटीएवढी दिसेल. चोवीसवाले म्हणत, पस्तीसमध्ये तिचा डावा खांदा कापला जाईल. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे निर्णय होईना. अनेकांतने मधली अठ्ठावीस सुचवली, तीच ती ठिपक्याची, तेव्हा दोन्ही गटांनी त्याला फितूर ठरवलं. प्रत्येक बैठक तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर संपे; जैन अनेकांत तेवढा दहीभात खात विचार करीत बसे.

मंडळ स्थळपाहणीला गेलं तेव्हा पोकलेनने डावा खांदा खाल्ला होता. पस्तीसवाल्यांनी तिथंच पेढे वाटले, कारण टेकडी आता पस्तीसमध्ये बसत होती. चोवीसवाल्यांचं म्हणणं पडलं की गेलेल्या खांद्याची जागाही तत्त्वतः फोटोत यायला हवी. पावसाळा उलटला, टेकडी निम्मी राहिली आणि पन्नासवाल्यांचा तिसरा गट उभा राहिला. अनेकांतला आता काळजी वाटू लागली. अध्यक्षांनी त्याला धीर दिला.

"मगदूम, घाबरताय कशाला? टेकडी निम्मी झाली म्हंजे प्रश्नबी निम्मा झाला की."

आक्का अधूनमधून फोन करी. एकदा त्याने तिला नीट समजावलं, की प्राइम लेन्समध्ये दृश्य जवळ ओढता येत नाही. जवळून हवं असेल तर फोटो काढणाऱ्यालाच पुढं चालत जावं लागतं.

"मग ये की चालत," आक्का म्हणाली. "पाय हाईत न्हवं?"

मुद्दा बिनतोड होता. अनेकांतने तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घातला.

अखेर एका रविवारी मंडळ सगळ्या लेन्सा उसन्या घेऊन मळ्यावर पोचलं. नवा रस्ता झकास झाला होता. आपणही कधी त्यावरून गेलो असू. पोटातलं पाणी हललं नसेल, आणि ते का हललं नाही हे गाडी थांबवून कुणी विचारलं नसेल. मळ्यासमोर टेकडी नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट आभाळ होतं.

 आक्काने सगळ्यांना पाणी दिलं. मग विचारलं, "कुणाकडंच न्हाई व्हय एखादा? मोबाइलात तरी?"

मोबाइल बाहेर आले. पाहणीच्या दिवशीचे पुष्कळ फोटो निघाले. सगळ्यांत मंडळी हसत होती. टेकडी त्यांच्या डोक्यांआड होती. घटनेचा भंग झालेला नव्हता. त्यांत दृश्य असं काही नव्हतंच.

आक्काने एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि मोबाइल ज्याचा त्याला परत दिला.

उदयसिंहांनी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला. एवढं मोकळं रान पस्तीसमध्ये मावणार नाही, हे पस्तीसवाल्यांनी स्वतःहून कबूल केलं. पन्नासवाले खाली मान घालून उभे राहिले. असं एकमत मंडळाने कधी पाहिलं नव्हतं.

"आक्का, जरा बाजूला सरता काय?" उदयसिंह म्हणाले. "मधी येताय."

आक्का सरली. अनेकांतने कॅमेऱ्याला डोळा लावला. डावीकडून उजवीकडं पाहिलं, परत उजवीकडून डावीकडं. शंकेला कुठं जागाच उरली नव्हती.

"चोवीस," तो म्हणाला.