नंदीला नखं नसतात

"यंदा गुंजनचा नंदी बाजारातून येणार नाही. तो या दोन हातांनी होईल!"

वामनरावांनी हे जाहीर केलं तेव्हा शोभाताईंनी आधी त्या दोन हातांकडे पाहिलं आणि मग त्याच हातांनी बनवलेल्या स्टुलाकडे. स्टूल भिंतीला टेकून उभं होतं. भिंत सुटली की ते बसायचं.

"नंदीला चार पाय असतात," त्या म्हणाल्या. "चारही सारखे."

"म्हणूनच मशीन पाहिजे!"

वामनराव नोकरीतून निवृत्त झाल्यापासून यवतमाळच्या त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत सुतारकाम चाललं होतं. नात गुंजन नागपूरहून तान्ह्या पोळ्याला येणार, लाकडी नंदी ओढत कॉलनीभर मिरवणार, आणि लोक विचारणार, "अगं, कुणी केला एवढा सुंदर?" पुढचं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. नंदी तेवढा नव्हता.

मोबाइलवर जाहिरात दिसली. जुनी बँडसॉ, पत्ता लोहारा. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून गरगर फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. लाकूड पुढे सरकवायचं, हवं तसं वळवायचं, झालं!

ते दोघं लोहाऱ्याला गेले. शेड बंद पडलेलं. भर दुपारी आत अंधार, आणि त्या अंधारात ती मशीन पाहुण्यांसाठी ताटकळलेल्या यजमानासारखी उभी. मालक धर्मपाल दारातूनच बोलत होता.

"घेऊन जा, काकाजी. पोळ्यापर्यंत चालवून पाहा. जमली तं ठेवा, नाही तं वापस करा."

"तुमची बोटं आहेत ना सगळी?" शोभाताईंनी सरळ विचारलं. त्या शाळेत कार्यानुभव शिकवायच्या. पोरांच्या हातातली कात्री मोजून परत घ्यायची सवय.

"माही आहेत जी," धर्मपाल म्हणाला.

"मग कुणाची नाहीत?"

त्यानं शेडमागच्या घराकडे पाहिलं. "बाबाचं थोडं... पण ते जुनं झालं."

"शोभा, मशीन ही निर्जीव वस्तू आहे," वामनराव म्हणाले. "चूक माणसाची असते!" असं म्हणत त्यांनी मशीनच्या टेबलावर ऐटीत हात ठेवला आणि लगेच उचलला. लोखंड कोमट होतं. एखाद्याच्या तळहाताइतकं कोमट. 'पत्रे तापले असतील,' त्यांनी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी पडवीत मशीन लागली. वामनरावांनी सागाच्या फळीवर नंदीचा पाय आखला, बटण दाबलं. पट्टा सणसणत निघाला. फळी त्यांच्या हातातून जराशी ओढली गेली, रेघ सोडून गेली, वळली, परत आली. तुकडा सुटून टेबलावर पडला.

शोभाताई चहा घेऊन आल्या. "हे काय?"

"नंदीचा पाय."

"नंदीला नख?"

खरंच! लाकडातली गाठ नेमकी टोकाला आली होती. रुंद, चपटं, फावड्यासारखं नख. पाय कसला, अंगठाच तो!

"पट्टा जुना आहे. एका बाजूला खेचतो," वामनरावांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंग आखलं. तर्जनी निघाली. तिसऱ्या दिवशी शेपटी आखली. मधलं बोट निघालं, पेरांसकट!

"तुम्ही मुद्दाम करताय," शोभाताई म्हणाल्या. "मी बोटांची काळजी केली म्हणून मला चिडवताय."

"अगं, देवाशपथ! मी शेपूट आखली होती!"

"मग शेपूट कुठंय?"

वामनरावांनी तुकडा उलटा धरून पाहिला. तरी बोटच. शिवाय त्यांना भलतंच काही दिसायला लागलं होतं. दुपारी प्लग काढून ठेवलेला असायचा, तरी झाकणाआडचं चाक हळूच पाव फेरा फिरायचं. झोपेत कुणी कूस बदलावी तसं. वामनराव पडवीत एका बाजूला सरकले की थांबायचं. दुसऱ्या बाजूला गेले की पुन्हा, किर्र... 'घूस असेल,' ते म्हणायचे. पण आत वाकून पाहायची काही हिंमत होत नव्हती.

तिन्ही बोटं त्यांनी तेलपाणी करून खिडकीत सुकत ठेवली. तिथंच घोटाळा झाला. भांडी घासणाऱ्या रुखमाबाईनं ती पाहिली आणि हातातली कढई तशीच टाकून ती फाटकाबाहेर!

"साहेब करणी करून राह्यले वं माय!"

संध्याकाळपर्यंत कॉलनीला कळलं. शेजारच्यांनी त्यांच्या बाजूची खिडकी लावून घेतली. मंडळाचा अध्यक्ष नेहमी पावतीपुस्तक घेऊन थेट दिवाणखान्यात यायचा, तो रस्त्यावरूनच नमस्कार करून गेला. दूधवाला रामलाल तेवढा आत आला, पण पाय न वाजवता. इकडं तिकडं पाहून कुजबुजला, "साहेब, माह्या साडूवर काई होईन काय? जास्त नाही, नुसता पाय मुरगळला तरी चालते!"

"रामलाल, मी सुतारकाम करतो!"

"हो जी, तेच म्हनतो मी," रामलालनं डोळा मारला. "सुतारकाम."

चौथ्या दिवशी वामनरावांनी काहीच आखलं नाही. नुसती फळी लावली. अनामिका निघाली. बुंध्याशी खाच, जशी वर्षानुवर्षं अंगठी घातल्यावर पडते तशी.

आता मात्र त्यांनी मशीनचा प्लगच उपटला. मग एकाएकी डोक्यात उजेड पडला. धर्मपालचे बाबा! बोटं त्यांची! मशीन बिचारी ज्याची त्याला परत करत होती! वामनरावांना एवढं हायसं वाटलं की चारही बोटं पिशवीत घालून त्यांनी स्कूटरला किक मारली आणि थेट लोहारा गाठलं.

धर्मपालचे बाबा, विठ्ठलराव, शेडमागच्या घरात बाजेवर बसले होते. उजवा हात दुपट्ट्याखाली.

"ही तुमची अमानत," वामनरावांनी चारही बोटं बाजेवर मांडली.

म्हाताऱ्यानं ती पाहिली आणि दुपट्टा बाजूला केला. हाताला अंगठा होता, तर्जनी होती, मधलं बोट होतं, अनामिकाही होती. करंगळीच्या जागी गुळगुळीत कातडी.

"माही तं एकच गेली, भाऊ."

"मग ही कुणाची?"

"हात द्या तुमचा."

विठ्ठलरावांनी लाकडी अंगठा वामनरावांच्या अंगठ्याशेजारी ठेवला. तेच फावड्यासारखं नख! तर्जनी शेजारी ठेवली. लहानपणी कबड्डीत वाकडं झालेलं पेर, तेच वाकडं. मधल्या बोटावर तोच घट्टा, फायलींवर शेरे मारून मारून आलेला. आणि अनामिकेची खाच त्यांच्या लग्नातल्या अंगठीच्या वळाला तंतोतंत जुळली.

 वामनरावांनी हात मागे ओढून घेतला.

"मलेबी पहिले लाकडाचीच देली तिनं," विठ्ठलराव हळूच म्हणाले. "पुरा पंजा. मी हसलो. लोकायले दाखवत फिरलो. मशीन माप घेऊन राह्यली होती, समजलंच नाही मले. तुमची करंगळी झाली काय?"

"ना... नाही."

"मंग टाइम आहे. आजच वापस आना. अन् तोपर्यंत मशीनले कोनाले हात लावू देऊ नका!"

परतीच्या वाटेवर वामनरावांनी उजवी करंगळी मुठीत दाबून स्कूटर चालवली. घराच्या कोपऱ्यावर आले आणि त्यांनी स्कूटर तिथंच सोडली. पडवीतून सणसणता आवाज येत होता. मशीन सुरू होती! आणि घरात शोभाताईंशिवाय कुणीच नव्हतं!

"शोभा! हात काढ! बंद कर!" चपला एकीकडे, पिशवी दुसरीकडे, वामनराव पडवीत घुसले.

पट्टा सणसणला, मंदावला, थांबला. शोभाताई भुशानं माखलेल्या. दोन्ही हात टेबलावर.

"बोटं दाखव!"

"काय झालं तुम्हाला?"

"आधी बोटं दाखव!"

दाही जागेवर होती. दोनदा मोजली. आणि त्यांच्यामध्ये टेबलावर उभा होता एक नंदी. वशिंड, शिंगं, शेपूट आणि चार पाय. चारही सारखे.

"गुंजन परवा येतेय. किती दिवस तुमची बोटं पाहत बसू?" शोभाताई म्हणाल्या. "छान चालते हो मशीन. लोण्यासारखी! रेघेबाहेर केसभरही जात नाही."

वामनरावांनी विठ्ठलरावांचं सगळं सांगितलं. शोभाताईंनी ऐकून घेतलं. तोंड उतरलं, पण थोडंच. मग त्यांनी धर्मपालला फोन लावला.

"काकू, कोन चालवते?" पलीकडून पहिला प्रश्न आला.

"आज मी चालवली."

"तुमाले काई केलं तिनं?"

"काही नाही."

"मंग बिनधास्त ठेवा!" धर्मपालचा जीव भांड्यात पडलेला फोनमधूनसुद्धा ऐकू आला. "माह्या मायनं जलमभर चालवली, खरचटलंबी नाही. माय गेली तवापासून मशीन उदास आहे. फकत एक करा. काकाजीले जवळ येऊ देऊ नका. बाबाचंबी तिच्यासंग कधी जमलं नाही."

तर निर्णय झाला. मशीन घ्यायची, वामनरावांनी हात लावायचा नाही. तान्ह्या पोळ्याला गुंजन नंदी घेऊन मिरवली. लोकांनी विचारलं, "कुणी केला?" ती ओरडून म्हणाली, "आजीनं!" पुढच्या पोळ्याचे नंदी आताच सांगून ठेवलेत. रुखमाबाई परत आली. रामलालचा साडू जिन्यावरून घसरला, त्याचं श्रेय मात्र अजून वामनरावांनाच मिळतं.

त्यांच्याकडे भुसा झाडायचं काम आलंय. प्लग काढून, लांब दांड्याच्या झाडूनं, दारातूनच. झाडता झाडता कधी झाकणाआडचं चाक पाव फेरा फिरतं. किर्र...

"हो हो, झालंच," वामनराव अदबीनं म्हणतात. "निघालोच मी, ताई."