साक्षीदाराने हात वर करावा

वाचनालयाच्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी काचेच्या बरणीतून पहिली चिठ्ठी निघाली, ती चष्मेवाल्याची. ती त्याने टाकलीच नव्हती. बायकोने टाकली होती, आणि आता ती तिसऱ्या रांगेत लेकीशेजारी बसून सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवत होती.

"अगं, हे काय?"

"मांजराची गोष्ट सांग. इतकी छान सांगतोस!"

मांजराची गोष्ट म्हणजे त्या घराचा पाया होता. बावीस वर्षांपूर्वी, काही ओळखदेख नसताना, त्याने बागेतल्या झाडावर चढून हिचं मांजर उतरवलं. त्यातून ओळख, ओळखीतून लग्न, लग्नानंतर लेक. पायातली वीट खोटी निघाली तर वरच्या मजल्यांचं काय, हा विचार चष्मेवाला टाळत असे. कारण वीट खोटी होती. खरं तर बऱ्याच होत्या.

गोष्टी सांगण्याच्या या कार्यक्रमाचे नियम ग्रंथपालबाईंचे. गोष्ट स्वतःची आणि खरी हवी, सात मिनिटांत संपायला हवी. गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी वाघाशी हस्तांदोलन केल्यापासून तिसरा नियम आला होता: साक्षीदाराने हात वर करावा आणि दुरुस्ती सांगावी. बाईंच्या शिस्तीला त्या इमारतीत फक्त उंदीर जुमानत नसत. ज्ञानकोशाचे दोन खंड कुरतडून झाले होते, तिसरा सुरू होता.

चष्मेवाल्याने सभागृहावर नजर फिरवली. बायको सोडली तर त्या दिवसाचं कोणी दिसेना. त्याने घसा साफ केला.

"झाड चाळीस फूट उंच होतं..."

दुसऱ्या रांगेत हात वर झाला. निवृत्त फायरमनकाका होते ते. जुन्या चष्म्यातून त्यांनी सख्ख्या भावालाही ओळखलं नसतं. पण मागच्याच आठवड्यात चष्मेवाल्याने तीनदा डोळे तपासून त्यांना नवा चष्मा करून दिला होता. नंबर अगदी अचूक निघाला होता.

"पंचवीस," काका म्हणाले. "आमची शिडी अठ्ठावीस फुटांची. तीन फूट उरली होती."

"शिडी?" लेक ओरडली. "बाबा, कसली शिडी?"

"ती... मांजरासाठी मागवली होती."

पुन्हा हात. "मांजरासाठी नाही. फोन आला होता, झाडावर माणूस अडकलाय, रडतोय."

"रडत नव्हतो! ओरडत होतो!"

"दुरुस्ती मान्य," बाई म्हणाल्या. "पुढे?"

"पण मुळात चढलात कशाला?" मागून कोणीतरी विचारलं.

"कुत्रं मागे लागलं होतं," काकांनीच सांगून टाकलं.

"मोठं होतं!"

काकांनी जमिनीपासून फूटभर उंचीवर तळहात धरला, जरा विचार केला आणि आणखी खाली नेला. "गळ्यात घुंगरू होतं."

सभागृहात हशा पिकला. कोणीतरी खुर्चीवरून घसरलं.

"मांजर आधीपासूनच वर बसलं होतं," हसू थांबल्यावर काका म्हणाले. "शिडी लावली तशी तेच पहिलं उतरलं. मग वीस मिनिटांनी हे."

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. चष्म्याशिवाय त्याला तिसरी रांग दिसत नसे, आणि ती दिसूच नये असं त्याला वाटत होतं.

"खरं आहे," तो म्हणाला. "खाली आलो तर मांजर पायाशी. उचललं. तेवढ्यात ही धावत आली, म्हणाली, 'अय्या, माझं मांजर!' मी म्हटलं, मीच उतरवलं. तिने असं काही पाहिलं माझ्याकडे, की पुढे खरं सांगायला तोंडच उघडेना. बावीस वर्षं."

तिसऱ्या रांगेत काहीतरी धूसर वर गेलं.

"साक्षीदार," बाई म्हणाल्या. "बोला."

"मी समोर बसथांब्यावर होते," बायको म्हणाली. "कुत्र्यापासून सगळं पाहिलं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"घुंगरासकट."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"कशी बोलणार? मांजर माझं नव्हतंच! तुझ्याशी बोलायला काही निमित्त नको? झाडावर रडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला होता."

"ओरडणारा," तो म्हणाला. पण आता तोही हसत होता, आणि त्याने घाईघाईने चष्मा लावला.

"आई! कुणाचं तरी मांजर पळवलंस?"

"पळवलं काय, गं? बेवारशी होतं. चौदा वर्षं सुखात राहिलं."

घंटा वाजली. सात मिनिटं झाली नव्हती. बाईंच्या एका हातात घंटा होती. दुसरा हात वर होता.

"पांढरं? डाव्या कानाला खाच? गळ्यात निळी फीत?"

"हो," नवराबायको एकदम म्हणाले.

"त्या फितीवर शिक्का होता. वाचनालयाच्या प्रत्येक वस्तूवर असतो."

"अक्षरं फार बारीक होती हो," चष्मेवाला म्हणाला.

"तुम्ही चष्मेवालेच ना?"

लेक मध्येच म्हणाली, "बाई, त्या मांजराची नात आहे आमच्या घरी."

"सोमवारी सकाळी दहाला," बाई म्हणाल्या. "वाचनालय उघडतं तेव्हा."

सोमवारी नात टोपलीतून आली. तिने बाईंकडे पाहिलं, ज्ञानकोशाकडे पाहिलं आणि ती दोन उड्यांत सर्वांत उंच कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसली. सगळ्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं.

"चढ," बायको म्हणाली. "या वेळी खरोखर."

शिडी फायरमनकाकांनी धरली. चष्मेवाला आठ पायऱ्या चढला, त्याने एकदा खाली पाहिलं आणि कपाटाला मिठी मारली. मांजरीने त्याचं नाक हुंगलं, मग ती त्याच्या खांद्यावरून, पाठीवरून, शिडीवरून ऐटीत उतरली आणि तिसऱ्या खंडामागे कामाला लागली.

"काका," वरून बारीक आवाज आला, "शिडी घट्ट धरा हं."

"धरलीय. सावकाश या. मागच्या वेळी वीस मिनिटं लागली होती."

बायकोने हात वर केला.

"तेवीस," ती म्हणाली.