कुंपणावरून डोकावणारी टाकी

"ती टाकी आधी तिथून हलव," नोरीन म्हणाली आणि तिच्या नवऱ्याचं, मॅलकीचं डोकं फिरलं.

शनिवारी सकाळी मिस्सा, म्हणजे फादरची प्रार्थना, त्यांच्या घरी होती. वाडीतली घरं पाळीपाळीने फादरना बोलावत. ज्याची पाळी, तो घर नव्याने रंगवून घेई, कारण फादरच्या मागून अख्खी वाडी येई आणि पडद्यांपासून परसापर्यंत सगळं डोळ्यांखालून घालून जाई. नोरीनने कोंबड्यांचं खुराडंसुद्धा रंगवलं होतं. उरली होती ती मागच्या भिंतीला खेटून उभी असलेली रॉकेलची टाकी. घर तापवणारा बॉयलर तिच्यावर चाले.

"फेलिमला बोलावते. टाकी घरापासून दोन मीटर तरी लांब हवी, खाली सपाट काँक्रीट हवं, असं तो कधीचा सांगतोय."

"तुझा भाऊ माझ्या परसात टेप घेऊन फिरणार? माझ्या मढ्यावरून जाऊ दे त्याला."

फेलिम अर्ध्या कॅव्हन जिल्ह्याच्या टाक्या बसवायचा. मॅलकीचं आणि त्याचं अकरा वर्षं वाकडं होतं. का, ते दोघांनाही धड आठवत नव्हतं, पण मॅलकी राग तब्येतीने जपत असे.

त्याने ट्रॅक्टरने टाकी उचलली आणि उताराखाली, कुंपणाच्या झाडांमागे नेऊन ठेवली. घरापासून तीस मीटर. आता मोज म्हणावं. जमिनीत नळी पुरली, निम्मी टाकी रॉकेल भरून घेतलं आणि बॉयलरचं बटण दाबलं. बॉयलर खाकरला आणि गप्प झाला.

नोरीनने फोनवर भावाला विचारलंच. "म्हणतोय, टाकी खाली, बॉयलर वर. रॉकेल चढण चढत नाही. आणि विटा रचून उंच करू नकोस, असंही म्हणतोय."

मॅलकीच्या मनात तोवर विटांचा विचारही आला नव्हता. तो तडक उठला आणि त्याने सिमेंटच्या ठोकळ्यांचे चार खांब रचून टाकी त्यांवर चढवली. तरी बॉयलर पेटेना. आणखी ठोकळे. शुक्रवारी संध्याकाळी बॉयलर पेटला. घर उबदार झालं आणि टाकी कुंपणावरून रस्त्यापर्यंत सगळ्यांना दिसू लागली.

"लपवायची होती ना रे ती?" नोरीनने विचारलं. मॅलकी जेवलाच नाही.

शनिवारी माणसांनी बैठकीची खोली भरली. नवा सूट घातलेला फेलिम दाराशी उभा होता. मॅलकीने त्याच्याकडे बघितलंही नाही. फादर टायर्नींनी मेणबत्तीसाठी काडी काढली, तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला आणि खिडकीतून रॉकेलचा भपकारा आत आला.

"फादर, काडी ओढू नका," फेलिम म्हणाला आणि धावत सुटला.

चिखलात एक खांब खचला होता. टाकी कलंडली होती, नळी उचकटली होती आणि धार लागली होती. फेलिम सुटासकट चिखलात आडवा झाला आणि वाटेत उचललेली बादली एका हाताने धारेखाली धरून दुसऱ्याने टाकीखालची झडप फिरवू लागला. सगळी वाडी कुंपणापाशी जमली. नोरीनने तोंडावर हात ठेवला.

"ही बसवली कुणी?" फादरनी विचारलं.

नोरीन खाली बघत होती. फेलिमने बहिणीकडे पाहिलं.

"मी, फादर. घाईत राहून गेलं."

कुजबूज झाली. "आमच्याकडे मंगळवारी येणार होता हा," कॉन्सेप्टाबाई शेजारणीला म्हणाल्या, "आता नकोच म्हणते."

मॅलकीच्या कानशिलांत रक्त चढलं. हा माणूस चारचौघांत त्याच्यावर उपकार करत होता, तोही स्वतःच्या पोटावर पाय आणून. असला अपमान त्याने आयुष्यात सोसला नव्हता.

"खोटारडा आहे तो," मॅलकी गरजला. "मी बसवली. या हातांनी. त्याने नको म्हणून सांगितलं होतं, म्हणूनच बसवली. मी हट्टी आहे, अकरा वर्षं त्याच्याशी उगाच भांडतोय. कुणाचं काही म्हणणं आहे?"



"मॅलकी," फादर शांतपणे म्हणाले, "पापांची कबुली मी आतल्या खोलीत घेतो. एकेकाची."

"त्याची झाली असेल तर," टाकीखालून फेलिम म्हणाला, "त्याला ही बादली धरायला सांगा. माझा हात भरून आलाय."

मॅलकीने दातओठ खात चिखलात गुडघे टेकले आणि बादली धरली.