झोपेत ताशी सत्तर

मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला वाळवंटाचं काय भ्या? वैशाखात दिंद्रुडच्या शिवारात अनवाणी हिंडलेली बाई मी! म्हणून ओट्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "जोधपूर ते जैसलमेर सायकलवर जाणार. एकटी! आन् सगळा रस्ता पायानं मारणार, कुणाच्या गाडीत बसणार न्हाई!"

ओट्यावर आमचे हे, म्हणजे बद्रीनाथ, आणि त्यांचे चुलतभाऊ हनुमान भाऊजी बसले होते. हनुमान भाऊजी गावचे पुढारी. त्यांचा फोटो नसलेला फ्लेक्स गावात टिकतच नाही.

"वैनी, माजलगावच्या पुढं तुमची सायकल जाती का?" भाऊजी हसले.

"कावून? बायांच्या सायकलला चाकं नसत्यात का?"

झालं! थंडी पडली तशी मी सायकलसकट रेल्वेनं जोधपूरला उतरले. निघताना लेकीनं, संस्कृतीनं, मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. मी कुठं आहे, किती वेगानं चाललेय, सगळं ह्यांना घरबसल्या दिसणार! संसारात एवढं लक्ष त्यांनी कधी दिलं नव्हतं.

सुरुवात झकास झाली. सरळसोट रस्ता, दोन्हीकडं वाळू, मधूनच उंट. ते उंट माझ्याकडं असे बघायचे, जशी मी लग्नात उशिरा आलेली विहीण! पण देचूच्या पुढं समोरून असा वारा सुटला, की मी पायडल मारतेय आणि रस्ताच मागं सरकायचा बंद! दुपारपर्यंत माझं पार चिपाड झालं.

तेवढ्यात रस्त्याकडेला पाटी दिसली, 'बस लॉज'. भंवरलाल नावाच्या माणसानं भंगारातल्या दोन बसगाड्या आणून, सीटा काढून, आत गाद्या टाकल्या होत्या! बाजरीची रोटी आणि कढी मी अशी हाणली, की तो दोनदा वाकून बघून गेला.

"बाईसा, पीली वाली बस आपकी," एवढं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं पळाला.

पीली! अरे, वाळू बसून बसून दोन्ही बसगाड्या पिवळ्याच! मी सावलीतली निवडली. सायकल झाडाला टेकवली, आत जाऊन ओढणी तोंडावर घेतली आणि गार झाले.

झोपेत धक्के बसत होते. पण एसटीत वाढलेल्या माणसाला धक्क्यानं जाग येत नाही. उलट झोप मुरते! जाग आली ती मोबाइलनं. हे ओरडत होते.

"अगं जरा हळू! पडशील!"

"कुठून पडू? मी झोपलेय!"

"झोपलीस? इथं तर सत्तर दाखवतंय!"

"काय सत्तर?"

"स्पीड! ताशी सत्तर!"

खिडकीतून बघते तर झाडं मागं पळतायत! माझी बस एका लांबलचक ट्रेलरवर चढवलेली, आणि ट्रेलर सुसाट! मी "अहो" म्हणेपर्यंत रेंज गेली. जाता जाता ह्यांचा आवाज तेवढा ऐकू आला, "हनुमान, झोपेत सत्तरनं चालवती रं!"

बसमध्ये घंटीची दोरी होती. ओढली. एकदा ओढली की एसटी थांबते. पण ड्रायव्हर पुढं त्याच्या केबिनमध्ये, आणि त्याची गाणी एवढी मोठ्यानं की मेलेला उंट नाचेल! मग खिडकीतून ओढणी हलवली. रस्त्यावरच्या बायांनीही ओढण्या हलवल्या. लई प्रेमळ माणसं!

पोकरणच्या पुढं एका हॉटेलासमोर ट्रेलर थांबला. मी दारातून उतरले, तशी बस उतरवायला आलेली माणसं किंचाळत पळाली. हॉटेलच्या शेठनं ती बस भंवरलालकडून विकत घेतली होती.

"मैंने तो सिर्फ बस ली थी!" तो हात जोडून म्हणाला.

खरा प्रकार कळल्यावर शेठ पोट धरून हसला. मग म्हणाला, "बाईसा, आप आगे ही तो आई हैं. साइकिल मँगवा देता हूँ. यहीं से चलिए. किसको पता चलेगा?"

तुम्हाला सांगते, माझे दोन्ही पाय तिथल्या तिथं शेठच्या पार्टीत गेले! पण मी फुटले नाही.

"मेरे को पता चलेगा ना!" मी ओरडले. "जो रस्ता मैंने मारा नहीं, वो मेरा कैसा? वापस छोडो!"

रिकाम्या ट्रेलरच्या केबिनमध्ये बसून, तीच गाणी ऐकत, मी परत आले. भंवरलाल माझी सायकल कवटाळून बसला होता, आणि अर्धं गाव वाळूत मला हाका मारत होतं. मला बघून त्यानं स्वतःचे दोन्ही कान धरले. मग हाताला धरून नेऊन पिवळ्या बसमध्ये बसवलं.

सकाळी निघाले. तोच रस्ता, तोच वारा, तेच उंट! पायडल, पायडल, पायडल. शेठच्या हॉटेलाशी पोचले तेव्हा तो रस्त्यात उभा राहून टाळ्या वाजवत होता. पुढं जैसलमेरचा किल्ला दिसला आणि मी सायकल धरून ढसाढसा रडले. कुणीही ओळखीचं नव्हतं, म्हणून मनसोक्त!

गावात परतले तर वेशीवर फ्लेक्स! 'ताशी सत्तर! सुपरफास्ट वनमालाताई!' त्यावर हनुमान भाऊजींचा फोटो दाराएवढा, माझा रेशन कार्डावरचा. समोर मांडव, हार, माइक. मी माइक हिसकावला आणि सगळं सांगून टाकलं.

"सत्तरनं ट्रेलर गेलता! मी दहानं गेले. पण ते दहा माझे हायेत!"

बैलांचा व्यापारी पंडित उभा राहिला. "वैनी, सत्तर न्हाई, मान्य. पन्नास तर धरा!"

"दहा!"

"चाळीस करा," हनुमान भाऊजी कळवळले. "फ्लेक्सवर रंग मारून घेतो."

"दहा म्हणलं ना!"

"तीस, आन् विषय संपला!" हे कोण? आमचेच हे!

मी माइक सोडला नाही. दहा म्हणजे दहा! आजही कुणी तीस म्हणालं, की त्याला भर बाजारात थांबवून दहा म्हणायला लावते. खऱ्यापेक्षा एकही जास्तीचा नको मला!

आता वारा समोरून असला की सहा पडतात. पण ते कुणी विचारलेलं नाही.