पिंजारी सरांची चौकशी

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी पिंजारी सर राहतात. त्यांच्याकडे जोडीनं चहाला जायची सोय नाही. साखर बरोबर आहे का, हे ते नवऱ्याला हॉलमध्ये विचारतात आणि बायकोला गॅलरीत नेऊन. "एकाचं ऐकून दुसरा मान हलवतो. मतं दोन दिसतात, असतं एकच!"

सरांनी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले, पुढे बायको गेली. आता घरात ते आणि मुलगी नसीम.

नसीमला धरणगावच्या इरफानचं स्थळ आलं. तिला मुलगा पसंत होता. सरांनी धरणगावात जाऊन पाच जणांना विचारलं. पाचही जण म्हणाले, "पोरगा सोनं शे." दुसऱ्या बापानं पेढे वाटले असते. सर तणतणत माझ्याकडे आले.

"भाऊ, पाचही जण रोज मुलाच्या मामाच्या दुकानात बसतात! हा बठ्ठा मिळून एकच माणूस शे, पाच तोंडांचा!"

"पण मत चांगलंच आहे ना?"

"असेलही. साक्षीदार एकमेकांना चिकटलेले असले की उत्तर चुकतंच असं नाही, पण आपली खात्री उगाच फुगते. फुगलेल्या खात्रीवर पोरगी देऊ?"

मग मला स्कूटरवर मागे बसवून ते पुन्हा धरणगावला निघाले. एकमेकांना न ओळखणारे साक्षीदार हवे होते. न्हाव्यानं इरफानची तारीफ केली, पण दाढी करता करता तो मामाचा साडू निघाला. सरांनी त्याचं मत रद्द केलं आणि अर्ध्या दाढीनिशीच उठले. इरफानशी हाडवैर असलेला एक गडी शोधून काढला, तर तो म्हणाला, "भांडखोर शे! पण माझ्या आईला दवाखान्यात त्यानंच नेलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेनं बोदवडला गेलो. इरफान तिथल्या शाळेत शिक्षक असताना ज्यांच्याकडे भाड्यानं राहायचा, ते आबा ठार बहिरे होते. सर खूश. "यांना कुणी पढवूच शकत नाही!"

प्रश्न पाटीवर लिहून दिला. आबांनी वाचला आणि म्हणाले, "तो पोरगा गेला आणि घर खायला उठलं."

स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी म्हटलं, "सगळं चांगलंच निघालं की! तोंड का पाडलंय?"

"एखादं तरी वाईट निघेल वाटलं होतं, भाऊ." मग हळूच म्हणाले, "तपासणारा तटस्थ लागतो. मी कुठं होतो?"

घरी नसीमनं दार उघडलं. "होकार कळवतो," एवढं बोलून सर थेट स्वयंपाकघरात गेले. तिथून आवाज आला, "बेटा, खिचडीला पाणी किती घालायचं, ते एकदा दाखवून ठेव."