बस भरली आहे

सासूबाई आज परत निघाल्या होत्या आणि त्यांना स्टेशनवर सोडायला जावयाला सवड नव्हती.

"तुम्ही दोघी बसनं जा," तो बायकोला म्हणाला. तो बस कंपनीत प्रोग्रामर होता. "कुठल्या बसमध्ये किती माणसं आहेत, ते आजपासून जागच्या जागी कळणार. आतापर्यंत दिवसभराचा हिशोब रात्री एकदम व्हायचा. म्हणजे गर्दी होती हे कधी कळणार, तर गर्दी घरी जाऊन झोपल्यावर."

"आणि आता कळून काय होणार?"

"बस भरली की ड्रायव्हरच्या पडद्यावर सूचना येणार. मग ती स्टॉपवर थांबणारच नाही. केवढा वेळ वाचेल."

सासूबाईंनी समजल्यासारखी मान डोलावली. जावई त्यांच्याशी बोलायचा तो एवढंच, काहीतरी समजावून सांगायला.

बसच्या दारातल्या यंत्रांकडून 'चढला', 'उतरला' अशा नोंदी सतत येत आणि त्याचा प्रोग्राम प्रत्येक बसची चालू बेरीज लक्षात ठेवी. ऑफिसात गेल्या गेल्या त्यानं एक बारीकशी सुधारणा केली आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. प्रोग्राम सगळ्या बेरजा विसरला. बसमध्ये माणसं होती, हिशोबात शून्य. मग माणसं उतरू लागली.

साहेब येऊन मागे उभे राहिले. "या बसमध्ये उणे नऊ प्रवासी आहेत?"

"उतरलेले मोजले गेलेत, साहेब."

"आणि चढलेले?"

"ते चढले असणार."

नशिबानं सकाळपासूनच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. त्या त्यानं पहिल्यापासून पुन्हा मोजायला लावल्या. आधीची बेरीज पुसायची मात्र राहून गेली. आकडा जरा कमी वाटला म्हणून पुन्हा एकदा मोजायला लावल्या. साहेब अजून मागेच उभे होते म्हणून आणखी एकदा. आता शहरातली प्रत्येक बस खच्चून भरली, निदान पडद्यावर तरी.

बायकोचा फोन आला. "दुसरी बस न थांबता गेली."

"भरलेली असेल."

"रिकामी होती. ड्रायव्हरनं हात हलवला. आईनंही हलवला, तिला वाटलं तुझ्या ओळखीचा आहे. टॅक्सी करते मी."

इथे हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण त्याचा अभिमान आडवा आला. "टॅक्सी कशाला? दोन मिनिटांत सुरळीत करतो."

त्याची दोन मिनिटं संपेपर्यंत गाडी निघून गेली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सासूबाई बाहेरच्या खोलीत बॅगेशेजारी बसल्या होत्या. तो चपला काढतानाच म्हणाला, "चूक माझीच झाली. बसच्या..."

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा भरून आला होता. "राहा म्हणायचं होतं तर सकाळी तोंडानं म्हणायचं. त्यासाठी गावभरच्या बस कशाला पळवायच्या?"

बायकोनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. न पुसलेली बेरीज आणि तीनतीनदा मोजलेल्या नोंदी, सगळं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"सकाळी धीर झाला नाही," तो म्हणाला.

सासूबाईंनी बॅग उघडली आणि कपडे पुन्हा कपाटात लावायला घेतले. सगळे.